काचेचे घर आणि आपले ऊन

गेटसभेत बोनसवर बोलणारा माणूस हरितगृहावर बोलू लागला, तर ऐकणाऱ्यास नवल वाटणे साहजिक आहे. पण या विषयाशी आमचा संबंध पुस्तकांतून आला नाही. निवृत्त होणाऱ्या कामगारांच्या हिशेबातून आला. नोकरी संपताना भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून आयुष्यात एकदाच मोठी रक्कम हाती येते. शहराबाहेर गुंठाभर जागा घ्यावी, तीत ऐसपैस पॉलिहाउस उभारावे, घरापुरती भाजी पिकवावी, असे त्या वेळी पुष्कळांच्या मनात येते. इच्छा चांगली आहे. मात्र ती पुरी करताना रक्कम कशी जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या युनियनमधील एक फिटर काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पुण्यापासून जवळच त्यांनी असे घर बांधून घेतले. पुरवठादाराने परदेशी छायाचित्रे दाखवली होती. तसेच बुटके, चहूबाजूंनी बंद घर उभे राहिले. एप्रिलच्या एका दुपारी त्यांनी आम्हांला बोलावले. आत पाऊल टाकताच फौंड्रीच्या भट्टीची आठवण झाली. टोमॅटोची झाडे छातीएवढी वाढली होती, पण फुले सारी गळून वाफ्यावर पडली होती. ते म्हणाले, "अण्णा, कोणतं औषध मारू?" आम्ही म्हणालो, "भाऊ, औषध झाडाला नको, घराला हवं. आधी दोन्ही बाजूंचा कागद कापा." पैसे मोजून घेतलेला कागद कापणे त्यांच्याच्याने झाले नाही. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने ते काम एका संध्याकाळीत केले, आणि कागदाबरोबर पाइपही नेले.

त्यांची चूक आळसाची नव्हती. घर ज्या अडचणीवर उपाय म्हणून जन्मले, ती अडचण आपली नव्हे, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

हरितगृह वाढले ते थंड देशांत. इंग्लंडमधील चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टन या शेतकरी कुटुंबातील माळ्याने 1836 ते 1840 या काळात एक प्रचंड काचगृह उभारले. ते पावणेतीनशे फूट लांब होते. याच अनुभवावर पॅक्स्टनने पुढे 1851 सालच्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस रचला. चॅट्सवर्थचे ते घर उबदार राखण्यासाठी आठ बॉयलर आणि सात मैलांचे नळ होते. कोळसा भुयारातून येई. अर्थात त्या नाजूक वेलींच्या खाली कोणी तरी अहोरात्र फावडे मारीत होते. पहिल्या महायुद्धात कोळसा आणि माणसे यांची टंचाई झाली, आतील झाडे मेली आणि 1920 साली घर पाडावे लागले. यातला धडा सर्वांना लागू आहे : हरितगृह बांधणे हा एकदाचा खर्च, त्यातील हवा झाडाजोगी राखणे हा रोजचा.

ही हवा तापते तरी कशी? ऊन आत येते, माती आणि पाने तापतात, त्यांना लागून हवा तापते. उघड्या शेतात तापलेली हवा वर निघून जाते. बंद घरात ती कोंडून राहते. काच उष्णतेचे किरण अडवते म्हणून घर तापते, अशी पूर्वी समजूत होती. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी 1909 साली एका पेटीवर काच आणि दुसरीवर खनिज मिठाची पारदर्शक चकती बसवली. मीठ ते किरण अडवीत नाही, तरीही दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. मुख्य कारण कोंडलेली हवा, हे त्यावरून दिसले. तेव्हा गारव्याचा उपायही हाच : हवा कोंडू देऊ नये.

आता निवड. पहिला प्रश्न आकाराचा नव्हे, हेतूचा. घर कशापासून राखण करणार? केवळ उन्हाळ्यात कोथिंबीर, पालक, मेथी हवी असेल, तर 50 टक्के सावलीची शेडनेट पुरते आणि खर्च पुष्कळच कमी येतो. मात्र जाळीतून पाऊस आत येतो. ढोबळी मिरची, टोमॅटो, काकडी यांना पावसापासून आणि त्यामागून येणाऱ्या बुरशीपासून वाचवायचे असेल, तर वर प्लॅस्टिक कागद हवा. हेतू ठरला नाही, तर पुरवठादाराकडे जे शिल्लक असेल, तेच आपल्याला योग्य ठरते.

दुसरा प्रश्न उंचीचा. मोठ्या घराचा खरा लाभ येथे आहे. घर उंच असले की तापलेली हवा झाडांच्या डोक्यावर राहते आणि माथ्याच्या फटीतून निघून जाते. म्हणून तेवढ्याच पैशांत लांबी थोडी कमी करून उंची वाढवावी.

तिसरा प्रश्न खिडक्यांचा. उघडता येणारी जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान पाचवा हिस्सा असावी. 30 फूट रुंद, 36 फूट लांब असे सुमारे एका गुंठ्याचे घर घ्या. त्याचे क्षेत्रफळ 1080 चौरस फूट. पाचवा हिस्सा 216. दोन्ही लांब बाजूंना 3 फूट उंचीचे पडदे गुंडाळता आले की हा हिशेब बरोबर बसतो. पण पांढरी माशी व फुलकिडे अडवण्यासाठी तेथे बारीक जाळी लावतात, आणि जाळी वाराही अडवते. म्हणून पडदे याहून बरेच उंच ठेवावेत, शिवाय माथ्यावर सबंध लांबीची फट सोडावी. आपल्या अक्षांशावर घराची लांबी दक्षिणोत्तर ठेवणे बरे, म्हणजे सांगाड्याची सावली दिवसभर सरकत राहते. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून माथ्याच्या फटीचे तोंड पूर्वेकडे करावे.

आता वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी 100 किलोमीटर वेगाला हा दाब चौरस मीटरला सुमारे 47 किलो भरतो. आमच्या उदाहरणातील घराचे छत 100 चौरस मीटरांचे. म्हणजे छपराच्या आकाराप्रमाणे कमी-अधिक धरूनही काही टनांचे बळ त्यास वर उचलू पाहते. इमारतीचा पाया ती खचू नये म्हणून असतो, हरितगृहाचा पाया ते उडू नये म्हणून. खांब दोन-अडीच फूट खोल काँक्रीटमध्ये रोवावेत, कोपऱ्यांना तिरके आधार द्यावेत. भारतीय मानकात पुण्यासाठी धरलेला मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर आहे. हा आकडा कागदोपत्री आहे म्हणून सोडून देऊ नये. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, आणि घाट ओलांडून मावळातली पॉलिहाउसेही त्याने मोडली.

कागद 200 मायक्रॉनचा, अतिनील किरणांना टिकणारा घ्यावा. तोही साधारण तीन-चार वर्षांत बदलावा लागतो. ती रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढावी. तापलेल्या पाइपाला टेकतो तेथे तो लवकर जातो, म्हणून पाइपाच्या त्या बाजूस पांढरा रंग द्यावा. कागद चढवायचा तो वारा पडलेल्या सकाळी.

छपराला पन्हळ लावण्यास विसरू नये. पुण्यात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या छतावर तो 70,000 लिटर भरतो. पिकाला दिवसाला साधारण 200 ते 300 लिटर लागतात. सगळे साठवणे घरगुती टाकीच्या आवाक्यातले नाही, तरी जमेल तेवढे साठवावे. बोअरच्या खारट पाण्यात हे पाणी मिसळले तरी जमीन वाचते. आतील क्षार धुऊन काढायला पाऊस येत नाही, हे ध्यानात असावे. माती निचऱ्याची हवी. काळ्या मातीवर लाल माती व कुजलेले शेणखत यांचे तीन फूट रुंदीचे गादीवाफे करून त्यावर ठिबक टाकावे. मधमाशीही आत येत नाही. तेव्हा टोमॅटोचे झाड फुलांवर असताना रोज हलकेच हलवावे, आणि काकडीची परागीकरणाविना फळ धरणारी जात घ्यावी.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. या घरात काम करणारे माणूस असते. बहुधा घरची बाई, नाही तर रोजावर आलेली. दुपारी आत काम करू नये, करवून घेऊ नये. फवारणी सकाळी, पडदे उघडे टाकून, तोंडाला योग्य मुखवटा लावून करावी आणि त्यानंतर डब्यावर लिहिलेला अवधी संपेपर्यंत कोणासही आत जाऊ देऊ नये. बंद जागेतले विष उघड्या शेतातल्यापेक्षा अधिक वेळ हवेत राहते.

आणि शेवटी करार. पाइपाची जाडी व व्यास, जस्ताचा मुलामा, पायाची खोली, कागदाचा मायक्रॉन, किती वेगाच्या वाऱ्यासाठी बांधणी आहे, हे सारे लिहून घ्यावे. पैसे हप्त्यांनी द्यावेत आणि अखेरचा हप्ता पहिला पावसाळा निघाल्यावर. तोंडी आश्वासनावर आम्ही आजवर एकही संप मागे घेतलेला नाही. निवृत्त माणसाने तरी त्यावर आपली पुंजी का द्यावी? आधी शिकायचे असेल, तर तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत हरितगृहाचे प्रशिक्षण मिळते. घरावर जाणाऱ्या पैशांपुढे त्याची फी जड वाटू नये.

आमच्या त्या फिटर मित्रांनी उरलेल्या पाइपांवर यंदा जाळी ताणली आहे. बाजू उघड्या आहेत, उंची दोन हातांनी वाढली आहे, आणि खांब त्यांनी स्वतः, फिटरच्या हाताने, काँक्रीटमध्ये रोवले आहेत. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडून पालकाच्या दोन जुड्या आल्या. त्यांची किंमत त्यांनी सांगितली नाही, आणि आम्हीही विचारली नाही.