पृथ्वी शॉने नेमकी कुणाची जागा खाल्ली?

जुलै 2025 मध्ये पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडून रणजी खेळणार असं जाहीर झालं, आणि नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी चालायला येणाऱ्यांपासून नेटच्या मागे मुलाची बॅग घेऊन उभ्या असलेल्या पालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आलं. "म्हणजे आपल्या पोरांची जागा गेली." पाठोपाठ जलज सक्सेना केरळ सोडून आला, तेव्हा तेच वाक्य पुन्हा ऐकू आलं. रजनीश गुरबानी विदर्भातून आदल्या वर्षीच आलेला होता. त्यामुळे आता 'आपली पोरं' जवळजवळ संपलीच, असा सूर लागला.

हे वाक्य इतक्या ठामपणे बोललं जातं की त्याचा हिशोब कुणी मागत नाही. आज तो मांडूच.

आधी नियम. भारतीय क्रिकेट मंडळ एका संघाला एका मोसमात जास्तीत जास्त तीन बाहेरचे खेळाडू घेऊ देतं, आणि तेही जुन्या संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र असेल तरच. त्या मोसमात महाराष्ट्राचे तीन म्हणजे वर सांगितलेले तिघे. चौथा येऊच शकत नाही. म्हणजे तिघेही एकाच सामन्यात खेळले तरी अकरातले आठ इथलेच राहतात. नाशिकचा मुलगा त्या आठांत का नाही, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर 19 आणि 23 वर्षांखालच्या निवडीत आणि निमंत्रितांच्या साखळी सामन्यांत शोधावं लागेल, शॉच्या बॅगेत ते सापडणार नाही. रामकृष्ण घोष नाशिकमधूनच महाराष्ट्राच्या संघात गेला आणि नोव्हेंबर 2024 च्या आयपीएल लिलावात चेन्नईने त्याला घेतलं. त्या मोसमात गुरबानी महाराष्ट्राच्याच संघात होता आणि घोषचं काही अडलं नाही.

आता नागपूरकडे पाहू, कारण हा प्रयोग आपल्याच राज्यात, अगदी उघड्यावर होऊन गेलेला आहे.

विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळतोय. साठ वर्षांत विजेतेपद सोडाच, कुणी त्यांना दावेदारांतही धरत नव्हतं. 2015-16 मध्ये मुंबईचा वसीम जाफर तिथे गेला. पुढचा मोसम दुखापतीत गेला. तेव्हाही "पैसे पाण्यात" म्हणणारे होतेच. त्या वर्षाचे पैसे मिळाले होते म्हणून 2017-18 मध्ये जाफर मानधन न घेता खेळला, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. त्याच मोसमात इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा रणजी विजेता झाला. आता मला सांगा, त्या संघात चमकलं कोण? कर्णधार फैज फजल, नागपूरचा. अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा गुरबानी, तोही विदर्भाचाच. पुढच्या वर्षी चाळिशी गाठलेल्या जाफरने 1,037 धावा केल्या आणि विदर्भाने करंडक राखला, पण सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात 11 बळी घेऊन सामनावीर ठरला तो नागपूरचाच आदित्य सरवटे. पाहुण्याने स्थानिकांना गिळलं असं म्हणणाऱ्यांनी हे दोन धावफलक एकदा समोर ठेवावेत.

2024-25 चा अंतिम सामना तर याहून बोलका आहे. जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध विदर्भाची सुरुवात ढासळली. तेव्हा एका टोकाला करुण नायर, कर्नाटकातून आलेला, आणि दुसऱ्या टोकाला दानिश मालेवार, नागपूरचा, पहिलाच रणजी मोसम खेळणारा. दोघांनी 215 धावांची भागीदारी केली. नायर 86 वर धावबाद झाला, मालेवारने 153 केल्या. दुसऱ्या डावात नायरने 135 आणि मालेवारने 73 काढल्या. पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. अंतिम सामन्यात समोरच्या टोकाला कसोटीत त्रिशतक केलेला माणूस उभा असताना फलंदाजी करायला मिळणं, हे शिक्षण कुठल्या अकादमीत फी भरून मिळतं? त्याच मोसमात हर्ष दुबेने 69 बळी घेऊन रणजीच्या एका मोसमातला विक्रम केला आणि यश राठोडने 960 धावा केल्या. दोघेही विदर्भाचेच.

आणि त्या सामन्यात केरळकडून 79 धावा करणारा डावखुरा फिरकीपटू कोण होता? आदित्य सरवटे! हर्ष दुबेही डावखुरा फिरकीपटूच. एकाच जागेसाठी दोघे असताना एकाने दुसऱ्या राज्याची वाट धरली आणि दोघेही अंतिम सामन्यात समोरासमोर खेळले. बाहेरचे येतात तसे आपलेही जातात. पुण्याचा हृषिकेश कानिटकर 2010-11 मध्ये राजस्थानचा कर्णधार होता. प्लेट गटातल्या त्या संघाने त्याच्या नेतृत्वाखाली लागोपाठ दोन वेळा रणजी जिंकली, आणि दीपक चहर नावाच्या पोराने त्याच मोसमात पदार्पणातच हैदराबादला 21 धावांत गुंडाळताना 8 बळी घेतले. तेव्हा जयपूरच्या पालकांनीही "आपल्या पोरांचं काय" असं म्हटलं असणारच. कानिटकरांचं मात्र आपण इथे बसून कौतुक केलं.

एवढं बोलल्यावर हेही मान्य करतो की तक्रार कधीकधी खरी असते. जिथे आपल्याकडे दोन चांगली मुलं तयार आहेत, तिथेच तिसरा बाहेरून आणला तर तो नुकसानीचा सौदा. म्हणून विचारायचं ते एवढंच, की ही जागा रिकामी होती का, आणि हा माणूस त्या जागेवर किती वर्षं टिकेल.

या कसोटीवर सक्सेना आणि शॉ हे दोन अगदी वेगळे सौदे ठरतात. सक्सेना महाराष्ट्रात आला तेव्हा 38 वर्षांचा. रणजीत 6,000 धावा आणि 400 बळी असा दुहेरी पल्ला गाठणारा पहिला खेळाडू. तो काय देणार हे आधीच ठाऊक, आणि दहा वर्षांनी तो नसणार हेही ठाऊक. शॉचं उलट. 2018 मध्ये कसोटी पदार्पणात शतक, जानेवारी 2023 मध्ये आसामविरुद्ध 379. आणि मग ऑक्टोबर 2024 मध्ये तंदुरुस्ती आणि शिस्तीच्या कारणांवरून मुंबईच्या रणजी संघातून बाहेर, नोव्हेंबरमध्ये आयपीएल लिलावात कुणीच बोली लावली नाही, डिसेंबरमध्ये विजय हजारे करंडकाच्या संघातूनही वगळला. वय मात्र तेव्हा 25. वर चढला तर आभाळ, नाही तर ड्रेसिंग रूमला रोजचा ताप.

शॉच्या या दोन्ही बाजू लगेच दिसल्याही. पुण्याजवळच्या गहुंजेला मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने 181 केल्या आणि बाद झाल्यावर मुशीर खानवर बॅट उगारून धावला. रणजीचा पहिला सामना तिरुअनंतपुरमला, केरळविरुद्ध. शॉ शून्यावर गेला. पण थांबा, अर्शिन कुलकर्णीही शून्यावर गेला, सिद्धेश वीरही, कर्णधार अंकित बावणेही. 18 धावांत 5 बाद. तिथून ऋतुराज गायकवाडने 91 आणि सक्सेनाने आपल्या जुन्या संघाविरुद्ध 49 काढून धावसंख्या 239 वर नेली. केरळ 219 मध्ये आटोपला आणि त्या 20 धावांच्या आघाडीने तीन गुण मिळवून दिले. त्या 49 धावा कुणाच्या लक्षात राहणार नाहीत, पण पाहुण्याची किंमत वसूल होते ती अशा खेळीतून. दुसऱ्या डावात शॉने 75 केल्या. पुढे चंडीगडला पहिल्या डावात 8, दुसऱ्यात 156 चेंडूंत 222. चार डावांत 0, 75, 8 आणि 222. सरासरी 76.25 निघते, आणि ती सरासरी त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही.

तरीही क्रिकेटमध्ये हा जुगार परवडतो, कारण अकरातल्या एकाचं शून्य बाकीचे दहा भरून काढू शकतात. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमध्ये संघ असाच बाहेरून क्वार्टरबॅक आणतात, तिथे मात्र जीव टांगणीला लागतो. चेंडू जवळजवळ प्रत्येक चालीत त्याच्याच हातात येतो आणि त्या जागेवर एका वेळी एकच खेळू शकतो. ओहायो स्टेटमध्ये बाकावर बसलेला ज्यो बरो 2018 मध्ये लुईझियाना स्टेटला गेला, आणि पुढच्या वर्षी त्या संघाने 15 पैकी 15 सामने जिंकले. तो चुकीचा निघाला असता तर अख्खा मोसम त्याच्यासोबत बुडाला असता. शॉ शून्यावर गेला, तरी महाराष्ट्राला तीन गुण मिळालेच.

बाकीचे किरकोळ गैरसमज एकेका ओळीत उरकतो.

"मुंबईने टाकलेला माल आपण का घ्यायचा?" कर्नाटकने वगळलेला करुण नायर विदर्भाला रणजी जिंकून देऊन 2025 मध्ये इंग्लंड दौऱ्यावर भारताकडून खेळला.

"चाललं की निघून जाणार." नायर खरंच कर्नाटकात परतला. करंडक नागपुरातच राहिला आणि मालेवारही.

"संघटना यांना पोसते, आपल्या पोरांना दमडी नाही." सामन्याचं मानधन मंडळ देतं आणि ते अनुभवावर ठरतं. 20 पर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला 40,000, 21 ते 40 वाल्याला 50,000, त्यापुढे 60,000. आडनाव आणि गाव कुणी विचारत नाही. संघटना पाहुण्याला वेगळं काय देते ते तिने जाहीर करावं, ही मागणी मात्र योग्य आहे.

"हे सगळं आयपीएलच्या पैशाने आलेलं खूळ." सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून सुरुवात करून बडोद्याला गेले आणि 1946-47 च्या अंतिम सामन्यात तिथून 288 धावा केल्या. भाऊसाहेब निंबाळकरांनी 1948 मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद 443 केल्या, शॉचे 379 रणजीत त्याच्याच खालोखाल आहेत, आणि हेच निंबाळकर बडोदा, होळकर, राजस्थान आणि रेल्वेकडूनही खेळले.

"मोठं नाव आणलं की करंडक आपलाच." हाही तितकाच खुळा समज. 1944-45 च्या अंतिम सामन्यात होळकर संघाने थेट इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टनला उतरवलं. त्याने नाबाद 249 केल्या, आणि मुंबईने सामना जिंकला.