थर्माकोल जळालाही नाही आणि संपलाही नाही

शाळांचे प्रोजेक्ट सुरू झाले की एक वाक्य हमखास कानावर येतं : "स्प्रे मारला आणि गोळा जळाला!" सूर्यमालेतल्या गुरूला सोनेरी रंग द्यायला घेतला, फवारा मारला आणि बघता बघता गुरूच्या अंगावर खड्डेच खड्डे. मग निदानं सुरू होतात. कुणी म्हणतं डबा तापला होता, कुणी म्हणतं रंगात ॲसिड होतं, कुणी म्हणतं दुकानदारानं हलका माल दिला. तिन्ही चूक.

डबा तापत नाही. फवारताना तो हाताला गार लागतो, कारण आतला द्रवरूप वायू बाहेर पडताना त्याची वाफ होते आणि ती डब्याचीच उष्णता घेऊन जाते. ॲसिडचाही इथे संबंध नाही. गोळा खातात ती रंगातली ॲसिटोन, टोल्यूइन, झायलीन ही द्रावकं. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन. द्रावक त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतं, साखळ्या सैल होतात, हवेच्या कप्प्यांच्या पातळ भिंती बसतात आणि कोंडलेली हवा निसटते. काही जळत नाही. पॉलिस्टायरिन पॉलिस्टायरिनच राहतं.

आणि नेमकं हेच लक्षात न घेतल्यामुळे दुसरा, जास्त घातक समज पसरला आहे : थर्माकोलवर ॲसिटोन किंवा पेट्रोल ओता, कचरा गायब! असे व्हिडिओ लोक कौतुकानं पुढे पाठवतात. जरा हिशेब करून बघा. १० सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याचं आकारमान सुमारे ५२४ घनसेंटिमीटर. थर्माकोलची घनता दर घनमीटरला २० किलो धरली, तर गोळ्याचं वजन साडेदहा ग्रॅमच्या आसपास. तेवढं भरीव पॉलिस्टायरिन मावतं जेमतेम १० घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे चहाच्या दोन चमच्यांत. उरलेली सगळी हवा. गायब झाली ती ही हवा! प्लास्टिक भांड्याच्या तळाशी चिकट लगदा होऊन बसलेलं असतं, वजनात काहीही घट न होता. द्रावक उडून गेलं की त्याचीच कडक चकती होते. म्हणजे कचरा तेवढाच राहिला, वर घरात पेट घेणाऱ्या द्रावकाची वाफ भरली. याला विल्हेवाट कसं म्हणायचं?

खात्री करायला रसायनं लागत नाहीत. नागपुरी संत्र्याची ताजी साल गोळ्याजवळ धरून दुमडा. सालीतून तेलाचे बारीक तुषार उडतील. जिथे ते पडले, तिथे थोड्या वेळानं टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतील आणि बोट लावलं तर चिकट लागेल. सालीच्या तेलातलं लिमोनिन हेही पॉलिस्टायरिनचं द्रावक आहे. १९९०च्या दशकात जपानच्या सोनी कंपनीनं याच लिमोनिनमध्ये थर्माकोल विरघळवून त्यातलं पॉलिस्टायरिन परत मिळवण्याची पद्धत विकसित केली. विरघळल्यावर प्लास्टिक संपत असतं, तर परत मिळालं काय असतं?

म्हणून गोळ्यांना पाण्यात मिसळणारे रंगच द्या : पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक. स्प्रेच हवा असेल, तर आधी पाण्यात कालवलेल्या फेविकॉलचे दोन हात द्या आणि ते पूर्ण वाळू द्या. टाचणीएवढी जागा जरी उघडी राहिली, तरी द्रावक तिथून आत शिरतं आणि वरून धड दिसणारा गोळा आतून पोकळ होतो.

आता बाकीचे समज, थोडक्यात.

"जितका जहाल गोंद, तितका पक्का जोड." टोल्यूइन असलेला पिवळा रबरी गोंद थर्माकोल खातो. पांढरा फेविकॉल पातळ लावा आणि वाळायला वेळ द्या, कारण दोन गोळ्यांच्या मध्ये अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट कमी असते.

"ग्लू गन चालतेच." पॉलिस्टायरिन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि बहुतेक ग्लू गन त्याहून गरम असतात. कमी तापमानाची गन घ्या, गोंद जरा निवू द्या, मग टेकवा.

"तापलेल्या तारेनं कापलं की सुरक्षित, कारण भुसा उडत नाही." भुसा उडत नाही, पण वाफ निघते आणि तिच्यात स्टायरिन असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं स्टायरिनची नोंद 'बहुधा कर्करोगकारक' या गटात केली आहे. खिडक्या उघडा, मुलांच्या हाती तार देऊ नका.

"गोळ्यांमुळे ओझोनचा थर विरतो." हे गोळे फुगवायला पेंटेन वापरतात. त्यानं ओझोनचा थर विरत नाही.

"बंदी फक्त ताट-वाट्यांवर आहे, मखराला चालतं." चालत नाही. महाराष्ट्र सरकारच्या मार्च २०१८च्या अधिसूचनेनं सजावटीसाठी थर्माकोल वापरायला मनाई केली, आणि केंद्राच्या नियमांनुसार १ जुलै २०२२पासून ती देशभर लागू आहे. गणपतीची आरास कागद, कापड, बांबूनं करा. आधीच घरात असलेले प्रोजेक्टचे गोळे नाल्यात किंवा शेकोटीत टाकू नका. पुढच्या वर्गातल्या मुलांना द्या. रंग लावताना कुठलं द्रावक टाळायचं, हेही त्यांना तेव्हाच सांगा.