बाळाचा लंगोट : बदलण्याआधी नीट पाहा

घरात पाळणा हलला की दोरीवर लंगोट-दुपट्यांची रांग लागते. तान्ह्या बाळाला दिवसातून दहा-बारा वेळा तरी कोरडे करावे लागते. साहजिकच हे काम घाईने उरकले जाते. ओला लंगोट काढला, मोरीत टाकला, नवा बांधला. परंतु बाळाला बोलता येत नाही; त्याच्या तब्येतीची पुष्कळशी खबर त्या लंगोटातच असते.

पहिल्या चोवीस तासांत बाळाला काळपट हिरवी, चिकट शी व्हायला हवी. न झाल्यास डॉक्टरांना सांगावे. चार-पाच दिवसांत ती पिवळी होते. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ व दाणेदार असते, दिवसातून अनेकदा होते. तिला हगवण समजून दूध तोडू नये, घुटीही देऊ नये. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा लंगोट ओला झाला, तर दूध पुरते आहे असे समजावे. डायपर वापरणाऱ्यांना हा हिशेब नीट कळत नाही, हे लक्षात असू द्यावे.

शीचा रंग पांढुरका, मातकट किंवा खडूसारखा दिसला तर मात्र एक दिवसही थांबू नये. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते. तिचे गडद पिवळे डाग लंगोटावर पडत असतील आणि कावीळ चौदा दिवसांनंतरही उतरली नसेल, तर पित्ताची नळी बंद असण्याचा संभव असतो. यावर शस्त्रक्रिया आहे, पण ती साधारण साठ दिवसांच्या आत झाली तरच यशाची आशा अधिक. आपल्याकडे ‘कोवळे ऊन दाखवा, उतरेल’ म्हणत नेमके हेच दिवस निघून जातात. शंका असेल तर तो लंगोटच सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मुलींच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात लंगोटावर किंचित रक्त दिसते व आजीबाई घाबरतात. आईच्या शरीरातील संप्रेरकांमुळे असे होते, ते आपोआप थांबते.

आता बदलण्याविषयी. आधी हात साबणाने धुवावेत आणि कोरडा लंगोट जवळ घेऊनच बसावे. बाळाला पलंगावर ठेवून कपडा आणायला उठू नये. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसावे. मुलींना पुढून मागे पुसावे, उलट कधीही नाही. मुलाच्या शिश्नाची कातडी मागे ओढू नये. नाळ गळेपर्यंत लंगोट नाळेच्या खाली बांधावा. नाळेवर हळद, तेल, राख काही लावू नये. पावडरही नको, तिची धूळ श्वासात जाते.

एक धोका मात्र घरोघरी ट्रंकेत बसलेला असतो. थोरल्या भावंडाचे लंगोट, झबली, कुंच्या डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवतात आणि धाकट्याच्या वेळी बाहेर काढतात. काही बाळांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते. अशा बाळाच्या रक्तातील तांबड्या पेशी या गोळ्यांच्या संपर्काने व वासानेही फुटतात. कावीळ झपाट्याने वाढते व मेंदूपर्यंत इजा पोहोचू शकते. आपले बाळ त्यातले आहे की नाही, हे वरून ओळखता येत नाही. तेव्हा बाळाच्या कपड्यांत या गोळ्या घालूच नयेत. घातल्या असतील व धुऊन, उन्हात टाकूनही वास राहिला असेल, तर ते कपडे बाजूला ठेवावेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला त्यापेक्षा बरा.

पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, म्हणून बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ते सुकवतात. बंद खोलीतला कोळशाचा वायू आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. शेगडी खोलीबाहेर मोकळ्या जागी ठेवावी, अथवा दमट लंगोटावर इस्त्री फिरवून घ्यावी.