संथ शटर आणि सह्याद्रीचे पाणी

छायाचित्रातले दुधाळ पाणी आज हौसेचा विषय असले, तरी त्याचा जन्म नाइलाजातून झाला. कार्लटन वॉटकिन्स 1861 साली सुमारे 18 बाय 22 इंचांच्या काचा घेऊन योसेमिटीच्या खोऱ्यात गेला, तेव्हा वापरात असलेली ओली कलोडियन प्लेट, म्हणजे रसायन ओले असतानाच वापरून धुवावी लागणारी काच, प्रकाशाला इतकी मंद होती की धबधबा पुसट झाल्यावाचून राहत नसे. गुस्ताव्ह ल ग्रेने त्याआधीच, 1857 च्या सुमारास, त्याच तंत्राने समुद्राची लाट थोपवून दाखवली होती, हे खरे. पण त्याला उघड्या समुद्रावरचा झगझगीत उजेड मिळाला होता, दरीतली सावली नव्हे. रिचर्ड मॅडॉक्सने 1871 मध्ये जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली, तिच्यात पुढे सुधारणा होत गेल्या आणि सेकंदाचे बारीक अंश हाती आल्यावर संथ शटर ही सक्ती न उरता निवड झाली. मधल्या शतकाची जंत्री देण्यात फारसे हशील नाही. 1990 साली आलेल्या फुजीच्या वेल्व्हिया या 50 आयएसओच्या स्लाइड फिल्मपाशी मात्र थांबावे लागते, कारण ही फिल्म घातली, दाट झाडीखाली छिद्र एफ/16 ला नेले, की शटर आपसूक एका सेकंदाच्या आसपास येऊन बसे आणि वेगळ्या फिल्टरची गरजच उरत नसे.

शटर किती वेळ उघडे ठेवावे, या प्रश्नाला हस्तपुस्तिका एक आकडा देऊन मोकळ्या होतात, आणि खरा घोळ तिथेच सुरू होतो. चित्रात उमटतो तो वेळ नव्हे, तर त्या वेळात पाण्याने कापलेले अंतर. पाच मीटर कोसळलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे दहा मीटर होतो, म्हणजे पाव सेकंदात ते अडीच मीटर जाते. सेकंदाला एक मीटर वाहणारा ओढा तेवढ्याच वेळात जेमतेम वीतभर पुढे सरकतो. एकच शटरगती धबधब्याला अति आणि ओढ्याला अपुरी पडते ती यामुळे. शिवाय कॅमेऱ्याचे पाण्यापासूनचे अंतर किंवा लेन्स बदलली की हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

सह्याद्रीपुरते बोलायचे, तर इथे संथपणाचा मोह आवरलेलाच बरा. दख्खनचा बेसाल्ट थरांवर थर रचून बनलेला असल्याने इथले पाणी बहुधा एका उडीत न पडता टप्प्याटप्प्याने उतरते, आणि ठोसेघरसारखी मोठी नावे सोडून आडवाटेच्या ओढ्यांकडे वळले की हे उतरणे हाताच्या अंतरावरून पाहता येते. कातळाच्या ओठावर पाण्याचा पातळ पडदा असतो, तो खाली येताना फाटून त्याच्या दोऱ्या होतात, खालच्या पायरीवर आपटून त्या पुन्हा एक होतात, आणि कुंडात फेसाचे ठिपके संथ गोल फिरत राहतात. एक अष्टमांश ते अर्ध्या सेकंदात यातली प्रत्येक दोरी वेगळी उमटते; त्यापुढे त्यांचा पिंजलेला कापूस होतो. कुंडातला फेस तेवढा अपवाद, कारण त्याचे वर्तुळ पुरे व्हायला आठ-दहा सेकंद द्यावेच लागतात. ओला कातळ काळाभोर असल्याने सरासरी काढणारा प्रकाशमापक फसतो आणि पाण्याचा पांढरा भाग तपशिलासकट जळतो, म्हणून मापन पाण्यावरच करावे. पोलरायझर, म्हणजे परावर्तनाची चकाकी छाटणारा फिल्टर, कातळाचा आणि पानांचा खरा रंग वर आणतो आणि वर दीड-दोन स्टॉप प्रकाशही खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), त्यामुळे या गतींसाठी बहुतेकदा तेवढा एकच पुरतो. आणि घाई नको: आषाढातले पाणी माती घेऊन येते, ते निवळते गणपतीच्या सुमारास.

संथ शटरवर दोन बाजूंनी हल्ला होतो. डोळ्याला पाणी असे दिसत नाही, म्हणून हे चित्र खोटे, असे म्हणणारा एक पक्ष आहे. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात गोठवलेला थेंबही कोणाच्या डोळ्याने पाहिलेला नाही, हे या पक्षाला सुचत नाही. दुसरा पक्ष दहा स्टॉपचा एनडी, म्हणजे प्रकाश सुमारे हजारपट कमी करणारा करडा फिल्टर, लावल्याशिवाय कॅमेरा उघडतच नाही. तीस सेकंदांत काठचे नेचे वाऱ्याने हलून हिरवा डाग होतात आणि ठोसेघर कोणते, रंधा कोणता, हे ओळखण्याची सोय उरत नाही. नाणेघाटात तर हा हट्ट पुरता उघडा पडतो, कारण तिथे वाऱ्याने पाणी उलटे वर फेकले जाते आणि ती उसळी संथ शटरमध्ये निव्वळ धुके होते. तिथे सेकंदाचा पाचशेवा भागच हवा.

आता फिल्टरही बाजूला पडत चालले आहेत. ऑलिंपसने 2019 मध्ये अनेक उघडझापी एकत्र करून एनडीचा आभास देणारी सोय कॅमेऱ्यातच दिली. ती निदान किती स्टॉप, हे वापरणाऱ्याला विचारते. आयफोनने 2017 पासून लाइव्ह फोटोच्या सुमारे तीन सेकंदांच्या चित्रफितीतून 'लाँग एक्स्पोजर' काढून देण्याची सोय केली, तिच्यात ती विचारपूसही नाही. ओढा असो की कोसळता कडा, तेच तीन सेकंद. आणि ट्रायपॉड नसल्याने हाताच्या कंपात कातळाची कडही मऊ झालेली. पावसाळ्यात अशा चित्रांचा पूर लोटतो, त्यांना वाहवा मिळते, आणि पाव सेकंदाची दोरी न दोरी दाखवणारी चौकट कोणी पुढे केली तर पाणी 'सिल्की' का नाही, असा प्रश्न येतो.