भिंतीवरचा जमाखर्च

नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा एक कोरीव लेख आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो एकदा तरी वाचावा. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने कायमचे ठेवले असून मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज वापरावे, असे त्यात नमूद आहे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ प्रमाणे ते नेमके पुरते. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावरही नोंदविला होता, असे लेखच सांगतो. फलक गेले, भिंत राहिली. म्हणूनच सुमारे १९०० वर्षांनंतरही आपण हा हिशेब पडताळून पाहू शकतो.

उषवदाताजवळ डोंगर होता आणि पाथरवट होते. सामान्य माणसाजवळ कोळसा, खडू, गेरू आणि नीळ एवढेच असते. त्याचा लेख पहिल्या दोन पावसांत जातो. असे लेख छायाचित्रांत धरून ठेवण्याचा छंद मला विद्यार्थिदशेत जडला. त्या वेळी छत्तीस चित्रांचा रोळ महिनाभर पुरवावा लागे. आज ती काटकसर उरली नाही, छंद मात्र उरला आहे.

मनमाड हे रेल्वेने वाढविलेले गाव. यार्ड, कारखाना, गोदामे आणि वसाहती यांच्या लांबच लांब कुंपणभिंती येथे आहेत आणि त्या कधीच गप्प नसतात. याच मनमाडात १९३८ च्या फेब्रुवारीत जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. येथील भिंतींवरची निळी अक्षरे त्या परंपरेत वाचावी लागतात. मे १९७४ मध्ये देशभर रेल्वेचा संप झाला. अशा लढ्यांचे सरकारी कागद अभिलेखागारात सापडतात. कामगारांनी रातोरात लिहिलेल्या घोषणा मात्र चुन्याखाली जातात. इतिहासाची एक बाजू अशी आपोआप गहाळ होते.

पण माझ्या संग्रहातील मला सर्वांत मोलाची वाटणारी चित्रे घोषणांची नाहीत. वाघदर्डी धरण आटले की नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस पाणी नाही, हे मनमाडकरांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. नळाजवळच्या भिंतीवर बायकांनी कोळशाने पाणी आल्याच्या तारखा लिहून ठेवलेल्या असत. दोन तारखांमधील अंतर मोजले की त्या उन्हाळ्याची टंचाई आकड्यांत हाती येते. शेजारीच दुधाच्या रतिबाच्या उभ्या रेघा. पाणी लांबले त्या आठवड्यांत रेघाही विरळ झालेल्या मी पाहिल्या आहेत. पाणी विकत घ्यायचे तर दुधात कपात करावी लागते, हा निष्कर्ष कोणत्याही पाहणी अहवालापेक्षा त्या भिंतीने मला अधिक स्पष्टपणे शिकविला.

परक्या मुलखातही या कामाची योग्यता ओळखली गेली आहे. पॅरिसच्या भिंतींवरील ओरखड्यांची ब्रासाय यांनी घेतलेली छायाचित्रे १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडली गेली. त्याच शहरातील भुयारी रेल्वेच्या डब्यांवर तरुणांनी रंगविलेली चित्रे मार्था कूपर आणि हेन्री चॅलफंट यांनी टिपली. त्यांचे पुस्तक १९८४ मध्ये निघाले. १९८९ मध्ये तेथील रेल्वेने असा शेवटचा डबा सेवेतून काढला. डबे स्वच्छ झाले, पण छायाचित्रांमुळे ती कला नष्ट झाली नाही. म्हणजे स्वच्छता आणि स्मृती या दोन्ही गोष्टी साधता येतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. दुसऱ्याची भिंत विद्रूप करण्याचा अधिकार कोणी दिला? अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात १८१९ मध्ये जॉन स्मिथ याने चित्रावर आपले नाव कोरले, त्याचे समर्थन कोण करील? मालमत्तेच्या विद्रूपणास आळा घालणारा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा याच न्यायाने झाला. कायद्याचा हेतू मला मान्य आहे. परंतु परिणामही पाहिला पाहिजे. भिंतीवरचे अक्षर बंद झाले आणि त्याची जागा फ्लेक्सने घेतली. भिंतीवर लिहिण्यास मूठभर गेरू पुरत असे. फलक लावण्यास छपाईचे पैसे, परवानगी आणि बहुधा एखाद्या पुढाऱ्याचा आश्रय लागतो. सार्वजनिक जागेत बोलण्याची किंमत वाढली की निर्धनाचा आवाज बाजारातून बाहेर फेकला जातो. मागणी-पुरवठ्याचा हा साधा नियम आहे.

आता भिंतींवर परवानगीने चित्रे काढली जातात. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचे भव्य चित्र २०१४ मध्ये वांद्र्याच्या दूरध्वनी इमारतीवर झळकले, याचा नाशिककरांना अभिमानच वाटावा. मात्र नेमून दिलेल्या चित्रात रतिबाची रेघ बसत नाही.

म्हणून मागणी एवढीच की, स्वच्छता मोहिमेत भिंतींवर रंग फिरविण्यापूर्वी नगरपालिकांनी त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि ती गावच्या वाचनालयात ठेवावीत. महाविद्यालयांनी हे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे. प्रत्येक चित्रासोबत दिनांक आणि ठिकाण लिहावे, कोणाच्या दाराशी जायचे तर आधी विचारावे, भिंत संपूर्ण दिसेल असे एक चित्र घ्यावे. पुसट ओरखडे सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे. खर्च जवळजवळ शून्य आहे. रंगाचा एक हात फिरल्यावर मात्र कितीही पैसा ओतला तरी ती नोंद परत मिळणार नाही.