भाताच्या खाचरातून समाजाकडे

प्राचीन जपान शिकविताना आम्हांस एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, ती म्हणजे भाताचे खाचर. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांतून वसतिगृहात आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी राब भाजण्यापासून आवणीपर्यंतची कामे घरी केलेली असतात. जपानी समाजाची घडण त्यांना याच अनुभवातून उमगते.

जपानी बेटांवरील माणूस हजारो वर्षे शिकार, मासेमारी आणि रानातील फळे-कंद यांवर जगत होता. त्याच्या मातीच्या भांड्यांवर दोरीचे ठसे आढळतात. त्यांवरून त्या काळास ‘जोमोन’ हे नाव पडले. पुढे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात कोरियाकडून पाण्यातील भातशेती क्युशू बेटावर आली आणि ‘यायोई’ समाज उदयास आला. पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरते. त्यामुळे पाट खणणे आणि बांध राखणे ही साऱ्या गावाची कामे झाली. सहकार्याशिवाय पीक येईना. मात्र साठविता येणाऱ्या धान्याबरोबर मालकी आणि कलहही आले. योशिनोगारी येथील उत्खननात धान्याची कोठारे, गावाभोवतीचे खंदक आणि शस्त्रांनी मारलेल्या माणसांचे सांगाडे सापडले आहेत.

सहाव्या शतकात कोरियातील पेकचे राज्यातून बुद्धाचा धम्म जपानला पोहोचला. त्याच्या कित्येक शतके आधी तो आपल्या घाटमाथ्यावर रुजला होता.

“आमच्या तालुक्याला कसला इतिहास?” असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा आम्ही त्यांना नाणेघाट दाखवितो. कल्याण बंदरातून निघालेला व्यापारी मार्ग मुरबाड तालुक्यातून वैशाखरे गावाजवळ येई आणि हा घाट चढून जुन्नरला जाई. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले असून, भारतातील अंकलेखनाच्या प्राचीन नमुन्यांत त्यांची गणना होते.

जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील लेख आम्हांस अधिक जवळचे वाटतात. तेथे बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा, म्हणजे व्यावसायिक संघांचा, उल्लेख आहे. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. साठविलेल्या धान्यातून योशिनोगारीत खंदक उभे राहिले. येथे त्याच धान्यातून भिक्खूंना निवारा आणि पाणी मिळाले. धान्याची रास कोणत्या कामी लावावी, हा निर्णय प्रत्येक समाजाला करावा लागतो.

घाटातून ओझी वाहणाऱ्यांची नावे मात्र कोणत्याही लेखात नाहीत. नाणेघाटाच्या सहलीत विद्यार्थ्यांनी लेखाबरोबरच त्या चढणीच्या पायऱ्याही पाहाव्यात, अशी आमची इच्छा आहे. ज्यांनी बांध घातले आणि ओझी वाहिली, त्यांच्या श्रमांवरच येथील समाज उभा राहिला आहे.