तेलाच्या पाचरेवर तीन लाख किलोमीटर

मारुती ८००च्या इंजिनातला पिस्टन एका दिशेला सरकतो फक्त ७२ मिलीमीटर, म्हणजे तीन इंचांहूनही थोडं कमीच. असे तीन पिस्टन, सगळं मिळून ७९६ सीसी. डिसेंबर १९८३ मध्ये गुरगावच्या कारखान्यातून ही गाडी पहिल्यांदा लोकांच्या हाती पडली आणि २०१४ साली उत्पादन थांबेपर्यंत पंचवीस लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या. त्यातल्या नीट सांभाळलेल्या कितीतरी गाड्यांनी दोन लाख, तीन लाख किलोमीटर रनिंग केलं. एवढ्याशा इंजिनाने हे कसं पेललं असेल?

थोडा हिशेब करून बघू. गिअर बदलत, कधी गर्दीतून, कधी हायवेवरून गाडी एक किलोमीटर जाते, तेव्हा पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टचे अडीच हजार फेरे होतात असं धरू. तीन लाख किलोमीटरांचे झाले ७५ कोटी फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली. ही ये-जा जोडत गेलं तर एकेका पिस्टनचा प्रवास भरतो १,०८,००० किलोमीटर. पृथ्वीभोवती अडीच प्रदक्षिणा घालूनही अंतर उरतं, आणि हा सगळा प्रवास त्याच ७२ मिलीमीटरांत, त्याच भिंतीला लागून! शिवाय दोन फेऱ्यांना एक या हिशेबाने प्रत्येक सिलिंडरमध्ये साडेसदतीस कोटी स्फोट. इंजिन पूर्ण जोरात असताना एकेका स्फोटाचा पिस्टनवर येणारा भार टनाहून जास्त असतो. अख्ख्या गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास.

इतकं घासल्यावर काही उरू नये. तरी उरतं, कारण बहुतेक वेळ धातू धातूला लागतच नाही.

याचा शोध लागला तो रेल्वेच्या बेअरिंगवर. १८८३ साली, मारुतीच्या बरोबर शंभर वर्षं आधी, इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर घर्षणाचे प्रयोग करत होता. फिरता दांडा, त्याची खालची बाजू तेलात बुडलेली, आणि वरून दाबून बसवलेलं बेअरिंग. वरून तेल सोडावं म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. दांडा फिरू लागला आणि त्या भोकातून तेल उलट वर यायला लागलं. त्याने बूच ठोकलं, ते बाहेर फेकलं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकून निघाली. मग त्याने दाबमापक लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता चौरस इंचाला १०० पौंड, आणि काटा २०० पौंडांच्या पुढे गेला. म्हणजे दांडा बेअरिंगला टेकलेलाच नव्हता. तेलानेच सगळा भार उचलून धरला होता.

का, ते ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली गणितात मांडलं. भाराखालचा दांडा बेअरिंगच्या बरोबर मध्यभागी राहत नाही, किंचित एका बाजूला सरकतो. त्यामुळे दोघांमधली फट एकीकडे रुंद, दुसरीकडे चिंचोळी होते. दांड्याला चिकटलेलं तेल त्याच्याबरोबर ओढलं जातं आणि चिंचोळ्या बाजूला कोंडतं. त्याची पाचर बनते, आणि ही पाचर दांड्याला उचलते. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये हेच चालतं. ऑइल पंप फक्त तेल पोचवतो. भार पेलणारा दाब फिरण्यातूनच जन्मतो. जिथे भार सर्वांत जास्त, तिथे या पाचरेची जाडी काही मायक्रॉनच असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. एवढ्या तेलावर टनभराचा मार, सेकंदाला कित्येकदा, वर्षानुवर्षं! हे कितीदाही वाचलं तरी मला दर वेळी नवल वाटतं.

पण फिरणं थांबलं की पाचर गेली. सिलिंडरमध्ये तर पिस्टन प्रत्येक टोकाला क्षणभर थांबतोच. कधी हेड उतरवलेलं जुनं इंजिन दिसलं तर मेकॅनिकला विचारून सिलिंडरच्या आतून वरच्या कडेपर्यंत नख फिरवून बघा. खाली भिंतीवर कारखान्यात मारलेल्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा लाख-दोन लाख किलोमीटरनंतरही कित्येकदा दिसतात. तेल धरून ठेवण्यासाठीच त्या मारलेल्या असतात. वर मात्र नख एका पायरीला अडकतं. पिस्टनची वरची रिंग जिथे थांबून उलटी फिरते, तिथलीच ही झीज. म्हणजे पिस्टन जोरात धावतो तिथे भिंत शाबूत, आणि थांबतो तिथे खड्डा. अशा जागी तेलातली जस्त आणि फॉस्फरसची संयुगं कामाला येतात. उष्णतेने आणि दाबाने ती धातूवर काचेसारखा पातळ थर धरतात. तो थर झिजतो, पुन्हा धरतो, आणि खालचा धातू वाचतो. ही संयुगं संपत जातात, म्हणून वेळेवर ऑइल बदलायचं. नुसतं वरून टॉप-अप करून भागत नाही.

दुसरी वाईट वेळ सकाळची. रात्रभरात तेल चेंबरमध्ये उतरलेलं असतं, आणि पहिले काही फेरे जवळजवळ कोरडेच होतात. त्यात गाडी दोनच किलोमीटर जाऊन बंद केली तर तेल पुरतं तापतही नाही, त्यात मिसळलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. दिवसभर फिरणारी टॅक्सी मात्र एकदा तापली की तापलेलीच राहते.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली एक गाडी. लाँग आयलंडवर राहणारे अर्व्ह गॉर्डन नावाचे शिक्षक १९६६ साली घेतलेल्या व्होल्वो पी१८०० मधून रोज जाऊन-येऊन १२५ मैल प्रवास करत. २०१३ साली अलास्कात त्यांच्या गाडीने ३० लाख मैल पूर्ण केले, म्हणजे ४८ लाख किलोमीटर. ती छोटी काटकसरी गाडी नव्हती, पण इंजिन साधंच, १.८ लिटरचं. इतकी मोठी मजल मारायला मोठ्या इंजिनाची गरज नसते हे मला त्यातून पटतं. लांबचा सलग रस्ता आणि वेळच्या वेळी सर्व्हिसिंग यांनी अर्धं काम केलं असणार.

क्लच प्लेट, शॉकअॅब्सॉर्बर, सस्पेन्शनचे बुश झिजतातच, पण ते बदलता येतात. म्हणून सेकंडहँड गाडी घेताना मी मीटरवरचा आकडा शेवटी बघेन. गावातल्या गावात बाजारहाटापुरती काढलेली तीस हजारांची गाडी आणि पुणे-नाशिक सतत धावलेली दीड लाखांची गाडी शेजारी उभ्या असतील आणि दुसरीच्या ऑइलच्या पावत्या जपून ठेवलेल्या असतील, तर मी दुसरीच घेईन. फक्त ती सकाळी, इंजिन थंड असताना, माझ्यासमोर पहिल्यांदा चालू करायला सांगेन.